सिगार : साठवण, पूर्वतयारी आणि पेटवण्याची रीत

सिगार नीट पेटला नाही, एका बाजूने भराभर जळत गेला, मध्येच विझला किंवा निम्म्यावर येताच कडू लागला, की दोष बहुधा लायटरला दिला जातो, नाहीतर सिगार वळणाऱ्या कारखान्याला. प्रत्यक्षात यांपैकी बहुतेक तक्रारींचे मूळ सिगार पेटवण्याच्या कितीतरी आधी, तो कोणत्या हवेत ठेवला होता यात असते. वाळवून आंबवलेले तंबाखूचे पान दमट हवेत ओलावा शोषून घेते, कोरड्या हवेत तो सोडून देते, आणि कारखान्यातून बाहेर पडल्यावरही त्याचा हा स्वभाव बदलत नाही. त्यामुळे या लेखात पेटवण्याच्या रीतीपेक्षा साठवणीला आधीची आणि मोठी जागा दिली आहे.

सिगारची रचना ठाऊक असली की पुढच्या सूचनांमागची कारणे सहज उलगडतात. हाताने वळलेल्या सिगारमध्ये तीन थर असतात. गाभ्यातील पानांच्या भरणीला फिलर म्हणतात. ती भरणी आवळून धरणारे मजबूत पान म्हणजे बाइंडर. आणि सर्वांत बाहेरचे, बारीक शिरांचे, तलम आणि दिसायला देखणे पान म्हणजे रॅपर. फिलरमधली पानेही सारखी नसतात. झाडाच्या खालच्या भागातील सहज जळणारी पाने व्होलादो, मधल्या भागातील सुवासिक पाने सेको आणि शेंड्याकडची, भरपूर ऊन खाल्लेली, जाड व तीव्र पाने लिहेरो या नावांनी ओळखली जातात. लिहेरो सावकाश जळते, म्हणून कारागीर ते भरणीच्या मध्यभागी ठेवतो. ते कडेला सरकले तर सिगार वाकडा जळतो आणि ओढणाऱ्याने कितीही काळजी घेतली तरी तो दोष पूर्ण जात नाही. ओठांत धरायच्या टोकावर रॅपरच्याच जातीच्या पानाची लहानशी चकती वनस्पतिजन्य डिंकाने चिकटवलेली असते. तिला आपण टोपी म्हणू. रॅपर उलगडू न देणे हे तिचे काम, आणि कापताना होणाऱ्या बहुतेक चुका या टोपीशी निगडित असतात.

सिगारची लांबी इंचांत आणि जाडी इंचाच्या ६४ व्या भागांत मोजण्याची पद्धत आहे. ५० हा आकडा सांगितला तर सिगारचा व्यास ५०/६४ इंच, म्हणजे साधारण २० मिलिमीटर असतो. रोबुस्तो नावाचा आखूड आकार बहुधा ५ इंच लांब व ५० जाडीचा असतो, तर चर्चिल ७ इंच लांब व ४७ जाडीचा. हे आकडे पाठ करण्याची गरज नाही. रोबुस्तोला पाऊण ते एक तास आणि चर्चिलला दीड तासाच्या आसपास वेळ लागतो, एवढे मात्र लक्षात ठेवावे, कारण घाईने ओढलेला सिगार हमखास कडू होतो.

आर्द्रता आणि तापमान

सिगार ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रतेत आणि १८ ते २१ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावेत. ७० टक्के हा आकडा सर्वत्र इतका उच्चारला जातो की तो नियमच वाटू लागतो. पण आर्द्रता ६५ ते ६७ टक्क्यांवर स्थिर ठेवली तर सिगार अधिक सरळ आणि शांतपणे जळतात, असे या लेखकाचे मत आहे. ७० च्या वर गेल्यास पाने फुगतात, त्यांच्यामधल्या वाटा अरुंद होतात आणि झुरका जड लागतो. जळताना निखाऱ्याची उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते, म्हणून तो वारंवार विझतो. आणि तो विझू नये म्हणून माणूस जोरजोराने ओढू लागतो, त्यामुळे चव आणखी बिघडते. उलट ६० च्या खाली पान ठिसूळ होते, सिगार भरभर आणि तापट जळतो, कापताना रॅपरला चिरा जातात आणि सुवास देणारी तेले हळूहळू उडून जातात. आर्द्रता पुन्हा वाढवता येते, उडालेला सुवास परत आणता येत नाही.

आकड्याइतकेच महत्त्व स्थैर्याला आहे. रॅपर बाहेर असल्याने हवेतील बदलाचा परिणाम त्याच्यावर आधी होतो, आणि गाभ्यापर्यंत तो पोहोचायला कित्येक दिवस लागतात. एका आठवड्यात ६० वरून ७२ वर आणि पुन्हा ६० वर असे हेलकावे बसले की दोन थर वेगवेगळ्या गतीने फुगतात व आक्रसतात, आणि शेवटी तलम रॅपर फाटते. म्हणून पेटी रोज उघडून सिगार कुरवाळण्याचा मोह आवरावा. महिन्यातून एक-दोनदा उघडून आतली हवा बदलणे आणि वरखाली असलेल्या सिगारांच्या जागा बदलणे पुरेसे आहे.

पेटी निवडणे आणि तयार करणे

सिगार ठेवण्याच्या खास पेटीला ह्युमिडोर म्हणतात. तिच्या आत बहुधा स्पॅनिश सिडार नावाचे लाकूड असते. हे झाड नावापुरतेच सिडार आहे. ते देवदाराचे नव्हे, तर महोगनीच्या कुळातले आहे आणि मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतील आहे. हे लाकूड ओलावा साठवून ठेवते, हवा कोरडी पडली की तो सोडते आणि त्याचा सौम्य गंध तंबाखूशी जुळतो, म्हणून त्याची निवड होते.

नवी पेटी आणल्याबरोबर तीत सिगार ठेवू नयेत. कोरडे लाकूड सिगारांमधलाच ओलावा ओढून घेते, आणि मालकाला वाटते की आर्द्रता देणारे साधनच निकामी आहे. पेटी आधी मुरवावी लागते. लाकूड ओल्या फडक्याने पुसण्याची जुनी पद्धत सुचवली जाते, परंतु त्यात लाकूड जागोजागी फुगण्याचा आणि वाकण्याचा धोका असतो. त्याऐवजी ८४ टक्के आर्द्रतेच्या पुड्या (आत मिठाचे द्रावण असलेल्या, भोवतालची हवा ठरावीक आर्द्रतेवर राखणाऱ्या तयार पुड्या) रिकाम्या पेटीत ठेवून झाकण दोन आठवडे बंद ठेवावे. अशा पुड्या नसतील तर एका लहान वाटीत डिस्टिल्ड पाणी घेऊन त्यात स्वच्छ स्पंज बुडवावा आणि ती वाटी प्लास्टिकच्या तुकड्यावर ठेवून पेटी बंद करावी. पाणी कमी झाले की पुन्हा भरावे. नळाचे पाणी वापरू नये. त्यातील क्षार स्पंजची छिद्रे बुजवतात आणि अशा पाण्यात बुरशी लवकर धरते. पेटी मुरली की ही सामग्री काढून घ्यावी, नेहमीच्या आर्द्रतेचे साधन बसवावे आणि आकडा एक-दोन दिवस स्थिर राहिल्यानंतरच सिगार आत ठेवावेत.

झाकण घट्ट बसते की नाही हे आधीच तपासून पाहावे. कागदाची पट्टी झाकणाखाली अडकवून ओढावी. चारही बाजूंना ती ओढताना सारखाच विरोध जाणवला पाहिजे. अंधाऱ्या खोलीत पेटीत लहान विजेरी लावून झाकण बंद केले तर प्रकाशाच्या रेषा फटी दाखवून देतात. काचेचे झाकण असलेल्या पेट्या देखण्या असतात, पण काच आणि लाकूड यांचा सांधा अनेकदा सैल असतो, आणि काचेतून येणारा उजेड रॅपरचा रंगही फिका करतो.

आता एक स्पष्ट मत. दहा-वीस सिगारच ठेवायचे असतील तर महागड्या लाकडी पेटीची काहीच गरज नाही. रबरी कडा असलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात स्पॅनिश सिडारची एक फळी आणि आर्द्रतेची एक पुडी एवढ्यावर सिगार उत्तम राहतात, आणि अनेकदा स्वस्त लाकडी पेटीपेक्षाही चांगले राहतात. डबा नवा असेल तर त्याला प्लास्टिकचा वास उरलेला नाही एवढे पाहावे: धुऊन, वाळवून, उघडाच काही दिवस ठेवावा.

फ्रिजमध्ये मात्र सिगार कधीही साठवू नयेत. फ्रिजमधील हवा कोरडी असते आणि तंबाखू भोवतालचा प्रत्येक वास शोषून घेते. त्याच कारणाने कृत्रिम सुवासाचे सिगार साध्या सिगारांच्या पेटीत ठेवू नयेत. काही आठवड्यांत सगळ्यांनाच तो वास लागतो.

आर्द्रता देणे आणि मोजणे

घरगुती वापरासाठी दोन्ही दिशांनी काम करणाऱ्या पुड्या सर्वांत सोप्या आहेत. त्यांच्यात मिठाचे संपृक्त द्रावण असते आणि बाहेरचे आवरण फक्त वाफ जाऊ देते. हवा कोरडी असेल तर पुडी ओलावा सोडते, दमट असेल तर शोषून घेते. पुडीवर ६२, ६५, ६९ किंवा ७२ असा आकडा छापलेला असतो. हवाबंद डब्यात ६५ ची पुडी योग्य ठरते. लाकडी पेटीतून थोडा ओलावा सतत निसटत असल्याने तिच्यासाठी ६९ ची घ्यावी. साधारण २५ सिगारांमागे ६० ग्रॅमची एक पुडी हे प्रमाण ठेवावे. पुडी कडक झाली, आतले द्रावण हाताला लागेनासे झाले, की ती बदलावी.

जुन्या पद्धतीच्या स्पंजच्या साधनात नुसते पाणी घातले तर ते गरजेपेक्षा जास्त ओलावा देत राहते. म्हणून त्यात डिस्टिल्ड पाणी आणि प्रोपिलीन ग्लायकॉल सम प्रमाणात मिसळून घालतात. ग्लायकॉलमुळे आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास रोखली जाते आणि बुरशीलाही आळा बसतो. त्यानंतर वेळोवेळी साध्या डिस्टिल्ड पाण्याची भर घालावी आणि काही महिन्यांनी मिश्रण नव्याने करावे. मिठाच्या पुड्या आणि ग्लायकॉल एकाच पेटीत वापरू नयेत, कारण ग्लायकॉलची वाफ पुड्यांचे काम बिघडवते.

पेटीच्या झाकणावर जडवलेल्या काट्याच्या आर्द्रतामापकावर सहसा विश्वास टाकू नये. तो शोभेचा असतो आणि पाच-दहा टक्क्यांनी चुकणे त्याला नवे नाही. लहानसा डिजिटल मापक घ्यावा आणि तोही मिठाने पारखून घ्यावा. त्यासाठी बाटलीच्या झाकणात एक चमचा मीठ घ्यावे आणि त्यावर थेंबाथेंबाने डिस्टिल्ड पाणी टाकावे. मीठ विरघळता कामा नये. ते ओल्या वाळूसारखे दिसले पाहिजे. हे झाकण आणि मापक दोन्ही एका हवाबंद पिशवीत, एकमेकांना न टेकवता, खोलीच्या तापमानात १२ ते २४ तास ठेवावे. संपृक्त मिठावरच्या बंद हवेची आर्द्रता ७५ टक्के असते आणि खोलीच्या तापमानातील लहानसहान फरकाने ती जवळजवळ बदलत नाही. मापकाने ७२ दाखवले तर तो ३ टक्के कमी दाखवतो, हे कागदावर लिहून मापकाच्या पाठीला चिकटवून टाकावे. वर्षातून एकदा ही पारख पुन्हा करावी.

कीड आणि बुरशी

सिगारच्या संग्रहाचा खरा शत्रू म्हणजे तंबाखूचा भुंगेरा. हा लालसर तपकिरी कीटक दोन-तीन मिलिमीटरचा असतो. त्याची अंडी पानांबरोबरच येऊ शकतात आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत. तापमान कमी असेपर्यंत ती निपचित पडून राहतात. २४-२५ अंशांच्या पुढे गेले की उबून अळ्या बाहेर पडण्याचा संभव वाढतो, आणि अळ्या पाने पोखरत एका सिगारमधून दुसऱ्यात जातात. रॅपरवर टाचणीने टोचल्यासारखी गोल छिद्रे आणि पेटीच्या तळाशी तपकिरी भुकटी ही खूण आहे. सिडारच्या वासाने कीड येत नाही असा समज आहे, पण त्यावर विसंबू नये.

छिद्रे दिसली की छिद्रे पडलेले सिगार टाकून द्यावेत आणि उरलेले गोठवावेत. सिगार दोन हवाबंद पिशव्यांमध्ये, एकीत एक अशा प्रकारे, शक्य तेवढी हवा काढून बंद करावेत. एक दिवस फ्रिजच्या साध्या कप्प्यात, मग उणे १८ अंश किंवा त्याहून थंड कप्प्यात किमान तीन-चार दिवस, पुन्हा एक दिवस साध्या कप्प्यात आणि शेवटी एक दिवस खोलीत ठेवावेत. या पायऱ्या गाळू नयेत, कारण तापमान एकदम बदलले की रॅपर तडकते. शेवटपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर थंड सिगारवर दव धरते. दरम्यान पेटी पूर्ण रिकामी करून झटकून पुसून घ्यावी. ज्या घरात वर्षातील बराच काळ तापमान २५ अंशांच्या वर असते, तिथे नवे आलेले सिगार आधी गोठवूनच पेटीत ठेवणे शहाणपणाचे आहे, आणि मोठा संग्रह असेल तर तापमान राखणाऱ्या लहान शीतकपाटाचा विचार करावा.

आर्द्रता दीर्घकाळ ७५ टक्क्यांच्या आसपास राहिली की बुरशी धरते. पांढरे, हिरवट किंवा निळसर ठिपके, त्यांना असलेली लव आणि कुबट वास यांवरून ती ओळखता येते. जुन्या सिगारवर दिसणारी पांढरी भुकटी म्हणजे पानातील तेलांचे स्फटिक आणि उत्तम मुरल्याची खूण, असे आवर्जून सांगितले जाते. परंतु अशी भुकटी आढळली तर ती बुरशीच समजून वागावे, त्यात नुकसान काहीच नाही. पेटवायच्या टोकावर, म्हणजे उघड्या भरणीत, बुरशी शिरली असेल तर तो सिगार फेकून द्यावा.

नवे आलेले आणि वाळलेले सिगार

प्रवास करून आलेले सिगार लगेच ओढू नयेत. दोन आठवडे पेटीत विसावू द्यावेत, म्हणजे गाभा आणि रॅपर यांचा ओलावा सारखा होतो. सिगारवरचे पातळ पारदर्शक सेलोफेन काढावे की ठेवावे यावर बरेच वाद घातले जातात. सेलोफेनमधून वाफ ये-जा करू शकते, त्यामुळे ते ठेवले तरी बिघडत नाही, शिवाय हाताळताना रॅपर सुरक्षित राहते. काढले तर आर्द्रता थोडी लवकर जुळते. काच किंवा धातूच्या नळीतले सिगार मात्र पेटीत ठेवताना नळीचे टोपण सैल करावे.

विसरून राहिलेला, वाळून खडखडीत झालेला सिगार ओल्या कपड्यात गुंडाळण्याचा किंवा वाफ देण्याचा प्रयत्न करू नये. गाभा एकदम फुगतो आणि रॅपर उभे फाटते. असा सिगार हवाबंद डब्यात ६२ च्या पुडीबरोबर दोन आठवडे, मग ६५ च्या पुडीबरोबर तितकाच काळ ठेवावा. तो पुन्हा लवचिक होईल आणि सरळ जळेलही, पण पूर्वीची चव अपेक्षू नये.

ओढण्यापूर्वी : पारख आणि कापणे

पेटीतून सिगार काढल्यावर तो अंगठा आणि तर्जनी यांत धरून टोकापासून टोकापर्यंत अलगद दाबत जावे. दाबल्यावर किंचित आत जाऊन तो पुन्हा पूर्ववत झाला तर ओलावा योग्य आहे. करकर आवाज आला तर तो कोरडा आहे. लिबलिबीत लागला आणि दाबाची खूण तशीच राहिली तर दमट आहे. एखाद्या ठिकाणी गाठ लागली तर तिथे झुरका अडखळण्याची शक्यता असते. दमट सिगार एक-दोन दिवस आर्द्रतेचे साधन नसलेल्या लाकडी खोक्यात ठेवला तर बहुतेक वेळा सुधारतो, आणि पावसाळी हवेत ही युक्ती फारच उपयोगी पडते.

कापण्याचा उद्देश टोपीचा वरचा भाग उघडणे हा आहे, टोपी काढून टाकणे हा नव्हे. सिगारचे टोक जिथे गोलाईतून सरळ भागात उतरते, त्या खांद्याच्या वर, टोकापासून दीड ते दोन मिलिमीटरवर कापावे. टोपीची कड नीट पाहिली तर तिची बारीक रेषा दिसते; त्या रेषेच्या खाली पाते गेले की रॅपरला धरून ठेवणारे काहीच उरत नाही आणि ते ओठांजवळ उलगडू लागते. शंका असल्यास कमी कापावे. आणखी कापता येते, कापलेले जोडता येत नाही.

दोन पात्यांचा कातर सर्वांत भरवशाचा. सिगार त्याच्या छिद्रात धरून पाती दोन्ही बाजूंनी हलकेच टेकवावीत आणि एका झटक्यात मिटावीत. सावकाश दाबत गेल्यास टोपी चिरडते. पाती बोथट झाली असतील तर कौशल्य कामी येत नाही. इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची खाच पाडणारे कातर जाड सिगारांना चांगले. गोल भोक पाडणारे पंच वापरायला सोपे आहे, पण बारीक सिगारात त्याने झुरका कोंडतो आणि निमुळत्या टोकाच्या तोर्पेदो आकाराला ते चालतच नाही. तोर्पेदोला कातराने टोकाचा थोडा भाग कापून झुरका पाहावा आणि गरज पडल्यास आणखी थोडा कापावा. दातांनी टोक तोडू नये.

कापल्यावर, पेटवण्याआधी, एक कोरडा झुरका घ्यावा. हवा थोड्याशा विरोधासह येत असेल तर सर्व ठीक आहे. अगदीच अडली तर थोडे आणखी कापावे किंवा अडलेली जागा सापडल्यास ती बोटांनी हलकेच चोळून मोकळी करावी.

पेटवणे

ज्योत गंधहीन असावी. ब्युटेन वायूचा लायटर, लांब लाकडी काडी किंवा सिडारची पातळ पट्टी यांपैकी काहीही चालते. पेट्रोलसारख्या द्रव इंधनाचा लायटर आणि मेणबत्ती टाळावी, कारण त्यांचा वास पहिल्या झुरक्यात उतरतो. काडी वापरल्यास गुल पूर्ण जळून लाकूड पेटेपर्यंत थांबावे. सिगारच्या खोक्यात दोन थरांमध्ये सिडारचा पातळ पापुद्रा घातलेला असतो. त्याच्या बोटभर रुंद चिरफळ्या काढल्या तर पेटवण्यासाठी याहून चांगली वस्तू नाही. निळ्या, जोरकस ज्योतीचा लायटर वाऱ्यात उपयोगी असला तरी त्याची उष्णता फार तीव्र असते, म्हणून तो चांगला अंतरावर धरावा.

पहिली पायरी शेकण्याची. सिगार तोंडात न घेता हातात ४५ अंशांच्या कोनात धरावा, त्याचे उघडे टोक ज्योतीच्या शेंड्याच्या थोडे वर ठेवावे आणि सिगार सावकाश फिरवत राहावे. ज्योत पानाला भिडू देऊ नये. धगच पुरेशी आहे. १५-२० सेकंदांत कडा काळी पडते, मग कडेवर लाल रेषा उमटते आणि धुराची बारीक रेघ निघते. कडा सर्व बाजूंनी सारखी काळी झालेली दिसली पाहिजे. या पायरीत दाखवलेला धीर पुढच्या तासाभराची कटकट वाचवतो.

मग सिगार ओठांत धरावा, ज्योत टोकापासून एक-दीड सेंटिमीटरवर ठेवावी आणि सिगार फिरवत छोटे झुरके घ्यावेत. झुरक्याबरोबर ज्योत आपोआप टोकाकडे ओढली जाते. तीन-चार झुरके झाले की सिगार तोंडातून काढून पेटलेल्या टोकाकडे पाहावे आणि त्यावर हलकी फुंकर घालावी. फुंकरीने निखारा लालभडक होतो आणि जो भाग काळाच राहिला असेल तो लगेच दिसतो. त्या भागाला पुन्हा थोडी धग द्यावी. संपूर्ण चकती एकसारखी पेटल्याखेरीज पुढे जाऊ नये.

ओढण्याचा वेग आणि त्याचे भान

सिगारचा धूर छातीत ओढायचा नसतो. तो तोंडात घोळवून सोडायचा असतो. त्यामुळे सिगार निरुपद्रवी ठरतो असा गैरसमज मात्र कुणी करून घेऊ नये. सिगारच्या तंबाखूचा धूर सिगारेटच्या धुरापेक्षा अल्कधर्मी असतो आणि त्यातील निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जाते. मोठ्या सिगारमध्ये कधीकधी सिगारेटच्या संपूर्ण पाकिटाइतकी तंबाखू असते. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि फुप्फुस यांच्या कर्करोगाशी सिगारचा संबंध सिद्ध झालेला आहे, व्यसन लागण्याचा धोका आहेच, आणि शेजारी बसलेल्यांनाही तो धूर बाधतो. जो ओढत नाही त्याने सुरू करण्याचे काहीच कारण नाही. आणि ओढणाऱ्याने मुलांपासून, गर्भवतींपासून आणि बंद खोलीपासून तो दूर ठेवावा. उपाशीपोटी ओढल्यास घाम, मळमळ आणि चक्कर येऊ शकते. तसे जाणवताच सिगार खाली ठेवावा आणि मोकळ्या हवेत बसावे.

मिनिटाला एक झुरका हा योग्य वेग होय. याहून जलद ओढले की निखारा तापतो आणि धूर करपट व तिखट लागतो. फार सावकाश ओढले तर तो विझतो. राख लगेच झटकू नये. ती निखाऱ्याभोवती हवा मर्यादित ठेवते आणि त्याला थंड राखते. दोन-तीन सेंटिमीटर राख जमली की सिगार ॲशट्रेच्या कडेवर टेकवून हलकेच फिरवावा, म्हणजे ती आपणहून सुटते.

एक बाजू पुढे जळत गेली तर घाबरून लगेच ज्योत लावू नये. सिगार काही मिनिटे तसाच ठेवला तर बहुधा कड आपोआप सावरते. न सावरल्यास मागे पडलेल्या बाजूला ज्योतीचा ओझरता स्पर्श द्यावा. गाभा जळतो आणि रॅपर मागे राहते, असे दिसले तर रॅपर दमट आहे असे समजावे. त्याला धग द्यावी, आणि पुढच्या वेळेसाठी पेटीतली आर्द्रता दोन-तीन टक्क्यांनी उतरवावी. संग्रहातले एकामागून एक सिगार असेच जळत असतील, तर वळणाऱ्याला दोष देण्याआधी मापक पुन्हा मिठाने पारखून पाहावा.

नावाची कागदी पट्टी सुरुवातीलाच ओढून काढू नये. तिचा डिंक कधीकधी रॅपरला लागलेला असतो आणि पट्टीबरोबर पानाचा तुकडा निघून येतो. निखारा पट्टीपासून तीनेक सेंटिमीटरवर आला की उबेने डिंक मऊ होतो. मग पट्टीचे चिकटवलेले टोक नखाने उचकटून ती उलगडावी, सरकवून काढू नये.

सिगार मध्ये विझला तर त्यात काही गैर नाही. राख काढून टाकावी, सिगारमधून बाहेरच्या दिशेने एकदा हळुवार फुंकावे म्हणजे आत कोंडलेला शिळा धूर निघून जातो, आणि मग पहिल्यासारखाच शेकून पेटवावा. तास-दोन तासांत हे करता येते. त्यानंतर मात्र गार झालेल्या डांबराचा कडवटपणा इतका मुरतो की पुन्हा पेटवण्यात अर्थ राहत नाही. अर्धवट ओढलेला सिगार दुसऱ्या दिवसासाठी पेटीत ठेवणे ही तर सर्वांत वाईट काटकसर होय, कारण त्याचा दर्प शेजारच्या प्रत्येक सिगारात उतरतो.

शेवटच्या तृतीयांशात डांबर आणि निकोटीन साचत जाते, धूर गरम होतो आणि चव तीव्र होते. ती नकोशी वाटू लागली की तिथेच थांबावे. शेवटच्या बोटभर तुकड्यापर्यंत ओढण्याचे बंधन नाही. सिगार सिगारेटप्रमाणे चिरडून विझवू नये, कारण चिरडल्यावर त्याचा उग्र वास खोलीभर पसरतो. तो ॲशट्रेत आडवा ठेवला की काही मिनिटांत आपोआप विझतो. थोटूक कचऱ्यात टाकण्याआधी ते पाण्याखाली भिजवून घ्यावे. बाहेरून गार लागणाऱ्या थोटकाच्या पोटात निखारा बराच वेळ जिवंत असू शकतो.